काळ्या रानातलं बाष्पीभवन आणि मॉडेलची परीक्षा: नळ्या, तागडी आणि वळणाचे दिवस

पाणी देऊन वाफसा आलेल्या, पण अजून काही न पेरलेल्या रानातून रोज किती पाणी उडून जातं, हे सांगणारी मॉडेलं भरपूर आहेत. हवामानाचे आकडे भरले, मातीचा प्रकार निवडला की एक्सेलच्या रकान्यात रोजचे मिलिमीटर तयार. तो आकडा खरा किती, हे मात्र रानात उकिडवं बसून मोजल्याशिवाय कळत नाही. ते मोजायचं कसं आणि मॉडेलला गुण कसे द्यायचे, ते इथे क्रमाने सांगतो. माझं काम पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या काळ्या रानात चालतं. पुण्याच्या टेकड्यांकडची मुरमाड जमीन असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

आधी थोडं मातीच्या वागण्याबद्दल. ओल्या मातीतून पाणी दोन टप्प्यांत उडतं. पहिल्या टप्प्यात वरचा थर ओला असतो आणि खालून पाणी सहज वर येतं, त्यामुळे ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा जितकं मागेल तितकं पाणी माती देते. दुसऱ्या टप्प्यात वरचा थर सुकतो, खालचं पाणी वर यायला वेळ लागतो आणि वेग दिवसेंदिवस पडत जातो. पहिल्या टप्प्यात हुकूम आभाळाचा, दुसऱ्यात मातीचा. परीक्षेची सगळी गंमत या दोघांच्या सांध्यावर, म्हणजे वळणावर आहे. पाणी दिल्यावर पहिल्या दिवशी कुठलंही मॉडेल पास होतं, कारण त्या दिवशी प्रश्न फक्त हवामानाचा असतो. दहाव्या दिवशीही बहुतेक पास होतात, कारण तोवर उडायला फारसं काही उरलेलंच नसतं. खरा पेपर मधल्या तीन-चार दिवसांचा.

कोणाची परीक्षा घ्यायची

सुरुवातीला दोनच उमेदवार घ्या. पहिला रिची या शास्त्रज्ञाचा, १९७२ सालचा. त्यात दोन आकडे लागतात. पहिल्या टप्प्यात एकूण किती मिमी उडेल तो ‘यू’, आणि दुसऱ्या टप्प्याचा ‘अल्फा’. दुसऱ्या टप्प्यातलं एकूण बाष्पीभवन म्हणजे अल्फा गुणिले दिवसांचं वर्गमूळ, इतकं साधं. रिचीने दिलेल्या उदाहरणांत यू ६ ते १२ मिमी आणि अल्फा साधारण ३.३ ते ५.१ या दरम्यान आहे.

दुसरा एफएओ-५६ चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतला, १९९८ सालचा. यात वरच्या १० ते १५ सेंमी थराला एक टाकी मानतात. टाकीतून एकूण किती उडू शकतं ते काढायचं असं: वाफशाच्या वेळच्या ओलीतून मरणबिंदूच्या (ज्या ओलीला झाडं सुकून जातात त्या) ओलीचा निम्मा भाग वजा करायचा आणि उरलेल्याला थराच्या खोलीने गुणायचं. त्यातला सहज उडणारा भाग चिकण मातीसाठी ८ ते १२ मिमी धरतात. तो संपला की टाकीत जितकं उरलं त्या प्रमाणात वेग कमी होतो.

मातीतून पाणी कसं सरकतं ते सांगणारं रिचर्ड्सचं समीकरण सोडवणारा हायड्रस-वनडी हा संगणक प्रोग्रॅम नंतर घ्या. तो जास्त खोलात जातो, पण त्याला मातीचे जलधारणा-वक्र (माती पाणी किती घट्ट धरते त्याचे आलेख) लागतात. शिवाय तो मुळात माती आक्रसत नाही असं धरूनच चालतो. आपल्या काळ्या मातीला हे कोणी सांगितलेलं नाही.

नळ्या तयार करणं

हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या आणि त्याचे १५ सेंमीचे तुकडे कापा. एक धार आतून नाही, बाहेरून तासून घ्या, म्हणजे माती न दाबता नळी आत शिरते. लोखंडी डबा वापरू नका. धातू उष्णता खाली नेतो आणि नळीतल्या मातीचं तापमान आजूबाजूच्या मातीसारखं राहत नाही. नळीत मातीचं छोटं नमुना-रान बसवून त्याचं वजन करायची ही रीत बोस्ट आणि रॉबर्टसन यांनी १९८२ मध्ये मांडली. तिला मायक्रोलायसीमीटर म्हणतात. आम्ही नळीच म्हणतो.

पाइपवर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, तेव्हा आतला व्यास स्वतः मोजा. माझ्या नळ्यांचा १०.४ सेंमी आहे. म्हणजे क्षेत्रफळ ८५ चौरस सेंमी, आणि १ मिमी पाणी बरोबर ८.५ ग्रॅम. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रोज लागतो. काल वजन १९४६.२ ग्रॅम आणि आज १८९३.५ असेल तर फरक ५२.७ ग्रॅम, म्हणजे ६.२ मिमी उडालं.

तागडी ३ किलोपर्यंत वजन घेणारी आणि ०.१ ग्रॅम दाखवणारी हवी. स्वयंपाकघरातली १ ग्रॅमची तागडी पहिल्या दिवशी चालून जाते. सातव्या दिवशी मात्र रोजचे ०.५ मिमी म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम, आणि दोन्ही वजनांत एकेक ग्रॅमची चूक धरली तर अर्धा आकडा गेला. शिवाय ज्या दिवसांसाठी आपण हा खटाटोप करतो, नेमका त्याच दिवसांचा गेला.

रान भिजवणं

पुण्यात यासाठी मार्च आणि एप्रिल उत्तम. आभाळ कोरडं, ऊन खणखणीत. निदान दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा भिजवा आणि नळ्या मधोमध ठेवा. भोवती वाळलेलं रान असेल तर तिथली गरम हवा ओल्या तुकड्यावरून वाहते आणि बाष्पीभवन फुगवते. छोट्या वाफ्यात ही चूक हमखास होते. गच्चीवर कुंड्यांत प्रयोग करायचा मोह आवरा. स्लॅब रात्रभर तापलेला राहतो आणि तुम्ही मातीऐवजी स्लॅबचा अभ्यास करून बसता.

साधारण २५ ते ३० मिमी पाणी द्या, वर प्लास्टिक अंथरा आणि एक दिवस थांबा, म्हणजे पाणी खाली मुरून ओल सारखी पसरेल. वावराचे मालक नाना पहिल्यांदा हे बघून म्हणाले, “रानाला गोधडी कशाला पांघरता?” त्यांना सांगितलं, धाव सुरू होण्याआधी सगळे एका रेषेवर हवेत.

प्लास्टिक काढल्यावर नळी लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकत मातीत उतरवा. वरची कड मातीच्या सपाटीच्या अर्धा सेंमी वर राहू द्या. कडेने खणून नळी मातीसकट उचला, तळ सुरीने सपाट करा, झाकण लावून चिकटपट्टीने बंद करा आणि नळी बाहेरून कोरडी पुसा. तिच्यापेक्षा जराशा मोठ्या पाइपचा तुकडा आधीच जमिनीत बसवून ठेवा, त्यात ती परत सोडा. हा बाह्यकोश नसेल तर रोज नळी काढता-घालताना भोक ढासळतं आणि नळीच्या अंगाला चिखल लागतो. तो चिखलही तागडीवर चढतो.

निदान सहा नळ्या ठेवा. सातवी वरूनही बंद करून ठेवा. तिचं वजन बदलता कामा नये. बदललं तर दोष तागडीत, झाकणात किंवा तुमच्या पुसण्यात आहे.

मोजणं, आणि मोजमापाचीच परीक्षा

वेळ सकाळी साडेआठची ठेवा. वेधशाळेच्या पावसाचा दिवस ८:३० ते ८:३० असाच धरतात, त्यामुळे पुढे हवामानाचे आकडे जुळवताना डोकेदुखी होत नाही. वाऱ्यात तागडीचे आकडे नाचतात. जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा किंवा मोठं खोकं आडवं टाकून त्यात वजन करा. प्रत्येक नळी दोनदा ठेवा आणि दोन्ही आकडे लिहा.

वजनाबरोबर माती कशी दिसते तेही लिहा. हे मी उशिरा शिकलो. वळणाच्या दिवशी काळ्या मातीचा चेहरा बदलताना दिसतो. सकाळी ती ओल्या गुळासारखी गडद असते. दुपारी ढेकळांच्या माथ्यांवर आधी राखाडी ठिपके येतात, मग ते एकमेकांना मिळतात आणि शेवटी फक्त खळग्यांत काळपट ओल उरते. संध्याकाळी बोट फिरवलं तर वर पापडी आणि खाली ओल लागते. हे ज्या दिवशी दिसेल त्या दिवसासमोर फुली मारा. पुढे मॉडेलचं वळण या फुलीशी ताडून बघायचं आहे.

आता काळ्या मातीची खोड. ती सुकताना आक्रसते आणि नळीच्या भिंतीपासून सुटते. भिंत आणि माती यांच्यात फट पडली की पाणी कडेनेही उडायला लागतं, आणि नळी रानापेक्षा जास्त बाष्पीभवन दाखवते. उलट, नळीचा तळ बंद असल्यामुळे खालून येणारं पाणी तुटतं आणि त्यापायी ती कमी दाखवते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील अशा भरवशावर राहू नका. दर दोन दिवसांनी त्याच भिजवलेल्या तुकड्यातून ताजी माती नव्या नळ्यांत घ्या. नव्या आणि जुन्या नळ्या एक दिवस शेजारी-शेजारी मोजा. जुन्या सारख्याच एका बाजूला झुकत असतील तर किती झुकतात ते कळतं.

दुसरी पडताळणी भट्टीची. रोज त्याच तुकड्यातून ०-५, ५-१० आणि १०-२० सेंमी थरांचे नमुने काढा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा आणि ओल काढा. दोन दिवसांतला एकूण ओलीचा फरक नळीच्या आकड्याशी साधारण जुळला पाहिजे. इथेही काळी माती छळते. सुकताना तिची घनता बदलते, त्यामुळे सुरुवातीला मोजलेलाच घनतेचा आकडा शेवटपर्यंत वापरू नका.

सहा नळ्यांच्या आकड्यांतला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, रोज काढून ठेवा. नळ्याच आपसांत अर्ध्या मिलिमीटरने भांडत असतील तर मॉडेलच्या अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीवर बोलण्याचा आपल्याला हक्क नाही.

आणि रखवालदारी. एका हंगामात चौथ्या दिवशी सगळ्या नळ्यांची वजनं एकदम चाळीसेक ग्रॅमने वाढलेली. आभाळ निरभ्र. मी तागडी उघडून बसलो, सेल बदलले. शेवटी कळलं की शेजारच्या वाफ्याला पाणी देणाऱ्या काकांनी “एवढीशी माती, वाळून गेली असती” म्हणून प्रत्येक नळीत काळजीने तांब्याचा शिपका मारला होता. तेव्हापासून मी भोवती दोरी बांधतो आणि पाटी लावतो.

हवामानाचे आकडे

संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे भरपूर पाणी मिळालेल्या हिरव्या गवतातून रोज उडणारं पाणी, पेनमन-माँटीथच्या एफएओ रीतीने काढा. त्याला तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन लागतं. पुण्यात या विषयाची परंपरा जुनी आहे. हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये इथे आलं, म्हणून आजही रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस चौक’ म्हटलं की कळतं. तिथेच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. जमिनीलगतच्या हवेचा आणि मातीच्या तापमानाचा अभ्यास त्यांनी या शहरात केला.

पण शिवाजीनगरच्या या वेधशाळेचे आकडे मांजरीच्या रानाला जसेच्या तसे लावू नका. शहरातला वारा इमारतींनी अडवलेला असतो. निदान वाऱ्याचा आणि तापमान-आर्द्रतेचा छोटा संच रानात ठेवा. वारा १० मीटरवर मोजलेला असेल तर २ मीटरसाठी ०.७५ ने गुणा.

एक चूक मी अनेकांच्या एक्सेलमध्ये पाहिली आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल आणि या सूत्रात लागणारा, दाबावर अवलंबून असलेला सायक्रोमेट्रिक स्थिरांक ०.०६३ येतो. समुद्रसपाटीचा ०.०६७ तसाच उचलला तर रोज थोडी चूक होते, आणि तीही एकाच दिशेने.

हेही ध्यानात ठेवा की संदर्भ आकडा हिरव्या गवताचा असतो. गवत उन्हाचा २३ टक्के भाग परत फेकतं. ओली काळी माती त्याहून बरीच गडद, म्हणून ऊन जास्त पिते. ओल्या उघड्या मातीसाठी संदर्भ आकड्याला १.१५ च्या आसपास गुणतात, त्याचं एक कारण हे.

हिशेब करून बघू

समजा संदर्भ आकडा रोज ६ मिमी आहे. १.१५ ने गुणल्यावर मातीची कमाल मागणी ६.९ मिमी. एफएओच्या टाकीसाठी वाफशाची ओल (मातीच्या आकारमानाच्या प्रमाणात) ०.३८, मरणबिंदू ०.२२ आणि खोली १० सेंमी धरू. टाकी २७ मिमीची झाली, त्यातले सहज उडणारे ९. रिचीसाठी यू ९ आणि अल्फा ४ घेऊ. माती आणि आभाळ दोघांना सारखंच.

एफएओ सहा दिवसांसाठी सांगतं: ६.९, ६.९, ५.१, ३.१, १.९, १.२. एकूण २५.१ मिमी.

रिची सांगतो: ६.९, ५.०, २.०, १.४, १.२, १.०. एकूण १७.५ मिमी.

पहिला दिवस तंतोतंत सारखा, सहावा जवळपास सारखा, आणि तिसऱ्या दिवशी अडीचपट फरक. दुसऱ्या दिवसाकडेही बघा. एफएओचा वेग कमी करणारा गुणक दिवसाच्या सुरुवातीलाच ठरतो, म्हणून दुपारी सहज उडणारं पाणी संपलं तरी संध्याकाळपर्यंत पूर्ण वेगाने बाष्पीभवन चालू राहतं. हा दोष मातीच्या समजुतीतला नाही, हिशेबाच्या पायरीचा आहे. तासातासाने हिशेब केला तर तो बराच कमी होतो. रिची मात्र वळणाचा दिवस दोन्ही टप्प्यांत वाटून देतो.

गुण देणं

गंमत म्हणून रिचीचे आकडे ‘मोजलेले’ आणि एफएओचे ‘अंदाज’ समजा. दोघांचा चढउतार किती जुळतो ते सांगणारा आर-स्क्वेअर (१ म्हणजे पूर्ण जुळणी) येतो ०.७९. सेमिनारमध्ये या आकड्यावर टाळ्या पडतात. प्रत्यक्षात एकूण बाष्पीभवन ४३ टक्के जास्त सांगितलं गेलंय! आर-स्क्वेअर फक्त दोन्ही रेषा एकत्र उतरतात का ते बघतो, आणि सुकत जाणाऱ्या मातीत सगळ्याच रेषा उतरतात. म्हणून त्याला या कामातून सुट्टी द्या.

त्याऐवजी तीन आकडे काढा. सरासरी कल: इथे रोज १.२६ मिमी जास्त. वर्गमध्यमूळ चूक: इथे १.६५ मिमी. आणि १९७० चा नॅश-सटक्लिफ गुणांक (१ म्हणजे अचूक, ० म्हणजे नुसत्या सरासरीइतकाच): इथे ०.४६. हा शेवटचाही पूर्ण भरवशाचा नाही. तो मॉडेलची तुलना सपाट सरासरीशी करतो, आणि सुकणाऱ्या मातीत सपाट सरासरीला हरवणं म्हणजे झोपलेल्याला शर्यतीत हरवणं. त्यापेक्षा एक साधा प्रतिस्पर्धी तयार करा. आधीच्या आवर्तनांत (भिजवण्यापासून सुकेपर्यंतचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन) पाणी दिल्यापासूनच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी सरासरी किती उडालं, तोच यंदाचा अंदाज. यात मातीचं भौतिकशास्त्र काहीच नाही. मॉडेल याला हरवू शकत नसेल तर ते कशाला बाळगायचं?

गुण तीन गटांत वेगळे द्या: वळणाआधी, वळणाचे तीन-चार दिवस आणि शेपूट, म्हणजे त्यानंतरचे संथ दिवस. संचयी, म्हणजे रोजची बेरीज पुढे नेणाऱ्या आलेखावर कधीच गुण देऊ नका. काल जास्त आणि आज कमी सांगितलेलं त्यात आपोआप फिटतं आणि रेषा देखणी दिसते.

यू आणि अल्फा तुमच्या मातीसाठी बसवायचे असतील तर एका आवर्तनावर बसवा आणि परीक्षा दुसऱ्यावर घ्या. चार आवर्तनं असतील तर दर वेळी तीनांवर बसवून चौथ्यावर तपासा. अल्फा काढायला दुसऱ्या टप्प्यातलं संचयी बाष्पीभवन उभ्या अक्षावर आणि दिवसांचं वर्गमूळ आडव्या अक्षावर घ्या. रेषा सरळ आली तर तिचा उतार म्हणजेच अल्फा. सुरुवातीलाच ती वाकलेली दिसली तर बहुतेक वेळा टप्पा बदलल्याचा दिवस चुकीचा धरलेला असतो. वहीतली फुली बघा.

चूक कुठे आहे ते ओळखणं

वळणाआधीचे आकडे चुकत असतील तर मातीला दोष देऊ नका. ऊन, वारा किंवा १.१५ चा गुणक तपासा. वळण एक-दोन दिवस पुढे-मागे होत असेल तर यू किंवा टाकीची खोली चुकली आहे. तिथे १० ऐवजी १५ सेंमी धरलं की टाकी दीडपट होते, म्हणून हा आकडा सहज बदलून ‘जुळवू’ नका. शेपूट मोजलेल्यापेक्षा सतत कमी येत असेल तर आधी जमिनीकडे बघा. तडे पडले असतील तर खालची ओल तड्यांच्या भिंतींवरूनही उडते आणि हे दोन्ही मॉडेलांना माहीतच नाही. नळीत तडे रानासारखे पडत नाहीत, त्यामुळे या दिवसांत भट्टीच्या नमुन्यांवर जास्त विश्वास ठेवा.

हात बसला की त्याच रानात अर्ध्या तुकड्यावर वखर किंवा कोळपं फिरवून बघा. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात. वरचा थर भुसभुशीत झाला की खालून वर येणाऱ्या पाण्याची वाट तुटते. बसवलेला यू या अर्ध्या तुकड्यावर लागू पडत नाही, आणि किती पडत नाही ते तुमच्याच वहीत दिसेल.

एप्रिलअखेर वळीव आला तर आवर्तन फुकट गेलं म्हणून नळ्या उचलू नका. सहाव्या दिवशी ४ मिमी पाऊस पडला असं समजा. नळीचं वजन ३४ ग्रॅमने वाढेल. एफएओची टाकी हे पाणी आख्ख्या १० सेंमी थरात मिसळून टाकते आणि दुसऱ्या दिवशी जेमतेम २.३ मिमी बाष्पीभवन सांगते. प्रत्यक्षात ते पाणी वरच्या पापडीतच बसलेलं असतं आणि सकाळच्या उन्हात झपाट्याने उडतं. तो दिवस वेगळा लिहा, त्याचे गुण वेगळे द्या. फक्त आधी पर्जन्यमापकाचा आकडा नळीच्या ३४ ग्रॅमशी ताडून बघा. नळीत जास्त आलं असेल तर शेजारची माती उडून आत पडली आहे. अशी नळी पुसून बाजूला ठेवा आणि तिच्या जागी नवी बसवा.